फिरत्या घरातला फ्रिज

धाकटा इंग्लंडमध्ये ल्यूटनला नोकरीला आहे. गेल्या जुलैत त्याने सुटी काढली, भाड्याने मोटरहोम घेतलं आणि फोनवर म्हणाला, "अब्बा, अम्मी, दादीला घेऊन या. कुर्तुबा आणि गरनाता दाखवतो." मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. झोपायला पलंग, दोन शेगड्या, नळ आणि छोटा फ्रिज. पोर्ट्समथहून बोटीने स्पेनच्या सांतान्देर बंदरात उतरलो आणि तिथून दक्षिणेकडे निघालो.

ब्रिटनमधून युरोपात मांस नेता येत नाही, कायद्याने बंदी आहे. म्हणून माद्रिदच्या लावापिएस भागातल्या हलाल दुकानातून आम्ही मटण आणि खिमा घेतला. पण आमचा जीव अडकला होता तो दादींच्या इन्सुलिनमध्ये. पंधरा दिवसांची पेनं फ्रिजमध्ये होती. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं.

कुर्तुब्याला पोहोचलो तेव्हा बाहेर 41 अंश होते. संध्याकाळी फ्रिज उघडला तर दूध फाटलेलं आणि आतला थर्मामीटर 17 वर. दादी काही बोलल्या नाहीत, फक्त पेनांच्या डब्याकडे बघत राहिल्या. खिमा तर टाकूनच द्यावा लागला.

आम्ही फ्रिजचं बटण आणखी पुढे फिरवलं. कोणीही तेच करील. पण काही फरक पडला नाही. शेजारच्या गाडीत एक वयस्क डच गृहस्थ होते. आमची धांदल पाहून ते आले, आणि फ्रिजचं दार न उघडता थेट गाडीच्या बाहेरच्या बाजूला गेले!

या फ्रिजला घरच्यासारखा कॉम्प्रेसर नसतो. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतो, आणि उष्णता देऊनच तो थंडी तयार करतो. ती उष्णता गॅसच्या ज्योतीची, नाहीतर विजेची. स्वीडनच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 च्या सुमारास ही युक्ती काढली. आवाज अजिबात नाही, आणि जिथे वीज नाही तिथेही गॅसवर चालतो. पण आतून काढलेली उष्णता मागच्या नळ्यांतून बाहेर गेलीच पाहिजे. त्यासाठी गाडीच्या भिंतीला दोन जाळ्या असतात. खालून थोडी गार हवा आत येते, तापून वर चढते आणि वरच्या जाळीतून निघून जाते. आमच्या गाडीच्या दोन्ही जाळ्यांवर हिवाळ्यातली प्लास्टिकची झाकणं तशीच होती! भाड्याने देणाऱ्याने काढली नव्हती, आणि आम्हीही पाहिलं नव्हतं.

झाकणं काढली. मग त्यांनी गाडीत पाण्याने भरलेली थाळी ठेवायला सांगितली. पाणी एका कडेला गेलं, म्हणजे गाडी कललेली होती. या फ्रिजमधला द्रव आपल्या वजनानेच खाली वाहतो, गाडी फार तिरकी असेल तर तो अडतो. चाकाखाली पाचरी घालून ती सरळ केली. मग गाडी फिरवली, जाळ्यांची बाजू उत्तरेला, म्हणजे ऊन त्यांच्यावर येणार नाही अशी. शेवटी स्वतःकडचे दोन छोटे पंखे त्यांनी वरच्या जाळीच्या आतून बांधले, तोंड बाहेरच्या बाजूला. गॅसचा धूरही तिथूनच निघतो, त्यामुळे पंखे धुराड्यापासून दूर. तसेही आम्ही तेव्हा तळावरच्या विजेवर होतो, ज्योत नव्हतीच. मागच्या नळ्या आणि भिंत यांत मोकळी जागा मोठी असेल तर हवा नळ्यांना न शिवताच निघून जाते, तिथे पत्रा बसवतात, असंही ते म्हणाले. भाड्याच्या गाडीत ते कसं करणार?

आतली चूक मात्र पूर्णपणे आमची. बाटल्या, मटण, फळं, सगळं ठासून भरलं होतं, वारा खेळायला जागाच नाही. शिवाय निघायच्या सकाळी फ्रिज सुरू केला होता. असा फ्रिज आदल्या दिवशीच सुरू करावा आणि त्यात आधीच गार झालेल्या वस्तू ठेवाव्यात. गाडी चालताना तो बॅटरीच्या 12 व्होल्टवर असतो, त्यावर गारवा जेमतेम टिकतो, नव्याने तयार होत नाही.

दुसऱ्या पहाटे फजरला उठलो तर थर्मामीटर 6 वर. दुपारी 9 पर्यंत गेला, पुन्हा खाली आला. फ्रिजच्या आतल्या गार पत्र्याला पेनं चिकटू दिली नाहीत, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. जी 17 अंशांत राहिली त्यांचं धाकट्याने माहितीपत्रक वाचलं. त्यांना खोलीच्या तापमानात चार आठवड्यांची मुदत होती, म्हणून त्यांच्यावर तारीख लिहून तीच आधी वापरायला घेतली.

दादींनी स्वतःची सोय वेगळीच केली. चालू पेन ओल्या सुती कापडात गुंडाळून त्या सावलीत ठेवायच्या, कापड सुकलं की पुन्हा भिजवायच्या. कुर्तुब्याची हवा मराठवाड्यासारखी कोरडी, पाणी झटकन उडतं आणि कापड गार होतं. "रत्नागिरीत मे महिन्यात हे चालणार नाही हं," त्या म्हणाल्या, "तिथे कापड ओलंच राहतं."

गरनात्याला निघताना पंखे परत करायला गेलो. डच गृहस्थांनी ते घेतले नाहीत, त्याऐवजी दादींच्या हातचे दोन पराठे घेतले.