पूल कोसळण्याआधी

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल महापुरात कोसळला आणि एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. जून २०१७ पर्यंत तेथे नवा पूल उभा राहिला. शासनाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे हे उदाहरण. परंतु ही तत्परता दुर्घटनेनंतरच का यावी?

जुलै २०२१ मध्ये तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. चिपळूणला वाशिष्ठीवरील पुलाचा भाग खचून मुंबई-गोवा महामार्ग बंद पडला. आंबेनळी घाटाचा रस्ताही तुटला. रस्ता तुटला की रुग्णवाहिका थांबते आणि मदतही वाटेतच अडकते.

रस्त्याचा खरा वैरी पाणी. गाळाने बुजलेली मोरी रस्त्याच्या भरावाचे धरण करून टाकते. पुराचा वेग पुलाच्या पायाखालची माती खरवडून नेतो. डोंगर उभा कापला की दरड खाली येते. अरबी समुद्र तापत आहे, थोड्या तासांत प्रचंड पाऊस कोसळत आहे. जुन्या पर्जन्यमानावर आखलेल्या मोऱ्या आता पुरणार नाहीत. त्या रुंद कराव्या लागतील. नव्या रस्त्यांच्या उद्घाटनांना मिळणारा मान आणि पैसा जुन्या पुलांच्या तपासणीलाही मिळाला पाहिजे.

शासनाचे दायित्व निर्विवाद आहे. पण गावची मोरी कचऱ्याने बुजविणारे हात गावचेच असतात. पुरात दोर घेऊन धावणारा समाज आपल्याकडे आहे. मे महिन्यात फावडे घेऊन मोरीत उतरणाराही तोच झाला पाहिजे.