आरोपीस वकील कशाला?

आमच्या वरच्या वर्गांत यंदा एका चित्रपटावरून मोठा वाद माजला होता. काही विद्यार्थ्यांनी घरी बसून ‘जज़्बा’ हा हिंदी चित्रपट पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचा निकाल देण्यास सारा वर्ग न्यायाधीश होऊन बसला. संजय गुप्ता यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 2015 साली प्रदर्शित झाला. त्याचे मूळ 2007 सालच्या ‘सेव्हन डेज’ या कोरियन चित्रपटात आहे. कथानक थोडक्यात असे : एक नामांकित वकीलबाई शाळेच्या क्रीडादिनी पालकांच्या शर्यतीत धावत असता तिची लहानगी मुलगी कोणी पळवून नेतो. खंडणी म्हणून पैसा मागितला जात नाही. एका तरुणीवर अत्याचार करून तिचा खून केल्याचा आरोप ज्याच्यावर आहे त्यास न्यायालयातून सोडवून आण, तर तुझी मुलगी परत मिळेल, असा निरोप येतो. शेवटी उलगडते ते असे की, हा निरोप धाडणारी व्यक्ती त्या मृत तरुणीचीच आई असते. आपल्या हातांनी सूड उगविता यावा म्हणून तिला तो मनुष्य तुरुंगाबाहेर हवा असतो.

या कथेवर जी मते आमच्या कानी आली ती तीन प्रकारची होती. पहिले, वकीलबाईने जे केले ते कोणतीही आई करील. दुसरे, अशा नराधमाचे वकीलपत्र घेणे हेच मुळी पाप आहे. तिसरे, आणि हे सर्वांत मोठ्या आवाजात, त्या दुसऱ्या आईने सूड घेतला हेच योग्य. न्यायालयाची वाट कोणी पाहावी? पालकांपैकी ज्यांच्याशी आमचे बोलणे झाले, त्यांतील बहुतेकांचा कौलही तिसऱ्या मताकडेच झुकला.

पहिल्या मताविषयी आमचे काही म्हणणे नाही. आईच्या काळजाची उलटतपासणी घेण्यास आम्ही धजणार नाही. परंतु पुढील दोन मते आमच्या मनास लागून राहिली. कारण ती आता केवळ चित्रपटापुरती उरलेली नाहीत.

2024 सालच्या ऑगस्ट महिन्यात बदलापूर येथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार नोंदवून घेण्यास झालेल्या विलंबाने लोक अधिकच चिडले, आणि 20 ऑगस्ट रोजी त्यांनी बदलापूर स्थानकात लोहमार्ग कित्येक तास रोखून धरला. तो संताप अनाठायी होता असे आम्ही कदापि म्हणणार नाही. पुढे 23 सप्टेंबर रोजी आरोपीला तळोजा कारागृहातून पोलिसांच्या गाडीने नेत असता मुंब्रा बाह्यवळण रस्त्यावर गोळीबार होऊन तो मरण पावला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी चालवावी लागली, असे पोलिसांनी सांगितले. त्यास आणले ते आमच्या कळव्याच्याच रुग्णालयात. त्या रात्री काही ठिकाणी पेढे वाटले गेले. खरे सांगावयाचे तर, वार्ता ऐकताच क्षणभर आमच्याही मनास ‘बरे झाले’ असेच वाटले. त्या क्षणाची आम्हांस आज लाज वाटते, म्हणूनच हा लेखप्रपंच.

दुसऱ्या दिवशी नववीतील एका मुलीने विचारले, “सर, मग आता त्या दोघींचा खटला कधी चालणार?” आम्ही निरुत्तर झालो. आरोपीच मेला म्हणजे त्याच्यापुरता खटला संपला. त्या बालिकांची हकीकत न्यायासनासमोर मांडली जाणे, ती पुराव्याने सिद्ध होणे, आणि ‘हा अपराधी आहे’ असे न्यायाधीशाच्या मुखातून निघणे, या साऱ्यास त्या मुकल्या. ज्यांच्यासाठी पेढे वाटले, त्यांचाच न्याय हिरावला गेला, हे वाटणाऱ्यांच्या ध्यानी आले नाही. पुढे जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि त्यात आरोपीच्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांना जबाबदार धरण्यात आले. वाचकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या पाच पोलिसांनाही आपली बाजू मांडण्याचा, वकील देण्याचा आणि पूर्ण सुनावणीचा हक्क आहे. आम्ही तो त्यांना नाकारू इच्छीत नाही. मग तो गाडीतील आरोपीलाच का नाकारावा?

‘तो दोषी आहे हे सर्वांस ठाऊकच होते’ असे कोणी म्हणेल. चित्रपटाने आपल्या बुद्धीची फसगत केली आहे ती नेमकी येथे. चित्रपटात दिग्दर्शक सर्वज्ञ असतो. शेवटी तो पडद्यावर प्रत्यक्ष खून दाखवितो, आणि प्रेक्षक निःशंक होऊन घरी जातो. न्यायालयात असा पडदा नसतो. तेथे असतात ते साक्षीदार, पंचनामे, वैद्यकीय अहवाल आणि माणसाची चुकणारी स्मरणशक्ती. वकील जेव्हा प्रश्न विचारतो तेव्हा तो अपराध्याला लपवीत नसतो. पुरावा खणखणीत आहे की नाही, हे तो वाजवून पाहतो. पुरावा भक्कम असेल तर कितीही हुशार वकील आला तरी आरोपी सहसा सुटत नाही. तो पोकळ असेल, तर दोष ज्यांनी तपास केला त्यांचा. चित्रपटातील वकीलबाईला खटल्यात फटी सापडल्या, त्या तिने पाडल्या नव्हत्या.

मुंबईवरील 2008 च्या हल्ल्याचा खटला घ्या. जिवंत पकडलेल्या हल्लेखोराचे वकीलपत्र घेऊ नये असा ठराव काही वकिलांनी केला, आणि न्यायालयाने नेमलेल्या एका वकीलबाईंच्या घरासमोर निदर्शने झाली. तरीही त्यास वकील देण्यात आला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी त्यास येरवड्यास फाशी देण्यात आली. वकील दिला म्हणून तो सुटला नाही. उलट त्या शिक्षेकडे जगात कोणास बोट दाखविता आले नाही. त्याच खटल्यात कटात सामील म्हणून दोन भारतीयांवरही आरोप होते. त्यांपैकी फहीम अन्सारी यांचे वकील शाहिद आझमी यांचा 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कचेरीत गोळ्या झाडून खून झाला. त्याच वर्षी मे महिन्यात न्यायालयाने त्या दोघांस त्या आरोपातून मुक्त केले, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. लोकांच्या हाती निकाल असता, तर तिघेही एकाच दोरास लटकले असते.

आपल्या राज्यघटनेच्या 22 व्या कलमाने अटक झालेल्या प्रत्येकास आपल्या पसंतीच्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क दिला आहे. गरिबास विनामूल्य वकील मिळावा असे 39-अ कलम सांगते. अमुक आरोपीचे काम कोणीही घेऊ नये असे ठराव वकिलांच्या संघटनांनी करणे घटनाबाह्य होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली स्पष्ट केले. आपल्या इतिहासात रामशास्त्री प्रभुणे यांचा गौरव होतो तो राघोबादादांच्या सत्तेपुढे ते वाकले नाहीत म्हणून. आज सत्तेइतकीच गर्दीही बलवान झाली आहे. न्यायासनाने तिच्यापुढेही वाकता कामा नये.

मग मुलींच्या रक्षणासाठी पालकांनी करावे तरी काय? सूडाची वाट पाहू नये. कायद्याची वाट धरावी. 2012 च्या पोक्सो कायद्यान्वये असा अपराध कळताच तो पोलिसांस कळविणे प्रत्येकास, शिक्षकासही, बंधनकारक आहे. न कळविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. बालकाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी, स्त्री पोलीस अधिकाऱ्याने, साध्या वेषात घ्यावयाचा असतो. सुनावणी बंद दालनात चालते, आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण व्हावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. संकटातील बालकासाठी 1098 हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक मुलास पाठ असावा. तपास वेळेवर झाला नाही, खटले रखडले, तर त्यासाठी अवश्य आवाज उठवावा. लोकांचा संताप तेथे खर्ची पडला तर त्यातून काही निष्पन्न होईल.

विद्यार्थीमित्रहो, कळव्याचा पूल ओलांडला की कोर्ट नाक्यावर ठाण्याचे जिल्हा न्यायालय लागते. तुम्हांपैकी कोणी पुढे काळा डगला घालून त्याच्या पायऱ्या चढेल. एखाद्या दिवशी असा मनुष्य तुमच्या दाराशी येईल, की ज्याचा सारे गाव द्वेष करीत असेल. त्या दिवशी तुम्ही मान फिरवू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे. आणि नववीतील त्या मुलीचा प्रश्न आम्ही अजून विसरलो नाही. तुम्हीही विसरू नका.