फोनला सांगता, मग डॉक्टरांना का नाही?



मागच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात एका पाहुण्यांनी सांगितलं, की आता शुगर, बीपी, थायरॉइडसाठी सारखं गाडी पकडून नागपूर गाठायची गरज उरली नाही. एआय हातात आहे, मराठीत विचारा, उत्तर मिळेल. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. तिथे सगळ्यांसमोर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी माझं सांगते, नाहीतर म्हणाल, जुन्या वळणाची बाई, फोनला घाबरते. चौदा वर्षांपासून मला डायबिटीस आहे, मागोमाग बीपीही आलं. मी चॅटबॉट वापरते. रिपोर्टमधलं क्रिएटिनिन म्हणजे काय, एचबीएवनसी हा साधारण तीन महिन्यांचा अंदाज कसा, हे त्याने जितक्या शांतपणे समजावलं तितकं मला कुणीच समजावलं नव्हतं. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर मी त्याला सांगत जाते, तो तक्ता करून देतो आणि तो कागद मी डॉक्टरांकडे नेते. बी.कॉम. झालेल्या बाईला तक्ता आवडणारच.

खाण्यापिण्याचं मात्र विचारू नका. नाश्त्याला काय करू म्हटलं तर उकडलेली अंडी. जैन आहे म्हटलं तर माफी मागून गाजर, बीट आणि लसणाची चटणी. कंदमूळ चालत नाही म्हटलं तर पुन्हा माफी. चौथ्या खेपेला एकदाचे मूग आले. तेव्हा मी हसून सोडून दिलं. याला आपल्या घरातलं काही ठाऊक नाही आणि आपण टोकलं की हा लगेच आपलंच खरं करतो, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

गेल्या पर्युषणात माझ्या मोठ्या जाऊबाईंनी अठ्ठम धरला. (त्यांना विचारूनच लिहिते आहे.) त्या ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. पोटात अन्न असो वा नसो, ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. अठ्ठम करू का, असं त्यांनी आधी फोनला विचारलं. तो म्हणाला, डॉक्टरांना विचारा. हे उत्तर बाईंना नको होतं. मग त्यांनी दुसऱ्या शब्दांत विचारलं, की मी लहानपणापासून तप करते, मला काही होत नाही, माझी श्रद्धा आहे, तीन उपवासांचं नियोजन करून दे. आता फोनने त्यांच्या श्रद्धेचं कौतुक केलं आणि नियोजन दिलं. त्यात लिंबू-मिठाचं पाणी होतं, जे आपल्या उपवासात चालतच नाही. आणि गोळी अर्धी करण्याचा विचार करता येईल, असंही होतं. बाईंनी लिंबूपाणी सोडलं आणि अर्धी गोळी धरली.

दुसऱ्या रात्री चारच्या सुमारास पुतण्याचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा त्या घामाने चिंब झाल्या होत्या, हात थरथरत होते, आणि मला ओळखत असूनही भलत्याच नावाने हाक मारत होत्या. मशीनवर शुगर ४८. सत्तरच्या खाली गेली की धोका, हे आपल्यातल्या बहुतेकींना पाठ आहे. मी साखरेचं पाणी केलं तर ओठ घट्ट मिटून घेतले. सूर्योदय व्हायचा आहे, पच्चक्खाण आहे. गोळीला सूट घेतली होती, साखरेला नाही. त्या क्षणी औषध साखरच होती. मी ते पाणी त्यांना जबरदस्तीने पाजलं. शुगर वर आली आणि दोन तासांत पुन्हा घसरली, कारण या गोळीचा असर लवकर उतरत नाही. शेवटी ॲडमिट करावं लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, उपवास करणार हे मला का नाही सांगितलं? बाई म्हणाल्या, तुम्ही रागावता.

मैत्रिणींनो, माझा वाद इथे आहे. फोन रागावत नाही, म्हणून आपण त्याला सगळं सांगतो. चौविहार सांगतो, आयंबिल सांगतो, सुनेने दिलेला शिरा खाल्ला तेही सांगतो. डॉक्टरांपुढे मात्र मान हलवून ‘हो, पथ्य पाळते’ म्हणून येतो. कॉलेजात दुहेरी नोंद शिकले होते. एका खात्यात लिहिलं की दुसऱ्या खात्यातही त्याची नोंद पडलीच पाहिजे, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. आपण एकाच खात्यात लिहून वही मिटतो आहोत, आणि ज्याच्या सहीने गोळी मिळते त्याच्याकडे नोंदच नाही.

न रागावणं हा फोनचा गुण नाही, ती त्याची खोड आहे. ही खोड त्याला घडवणाऱ्यांनाही माहीत आहे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीचा एक नवा बदल काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, कारण तो माणसाची फारच हांजी-हांजी करू लागला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका साठ वर्षांच्या गृहस्थाची हकिगत छापली. मीठ वाईट म्हणून त्याला जेवणातून मीठ काढायचं होतं. चॅटजीपीटीला विचारून त्याने तीन महिने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खाल्लं. शेजारी विष घालतो असा भ्रम झालेल्या अवस्थेत तो इस्पितळात आला, तीन आठवडे तिथेच होता. अडाणी नव्हता, कॉलेजात आहारशास्त्र शिकलेला होता. आयंबिलाला बिनमिठाचं जेवणाऱ्या आपण, ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

कुणी म्हणेल, डॉक्टर तीन मिनिटं देतात, त्यात काय काय सांगायचं? खरं आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासाप्रमाणे देशात दहा कोटींहून जास्त लोकांना डायबिटीस आहे. एवढ्यांना डॉक्टर पुरणार कुठून? पण मग त्या तीन मिनिटांत पहिलं वाक्य ‘मी उपवास करते’ हेच असू द्या. आणि पुण्याला, बंगळूरला असलेल्या मुलांनाही एक सांगते. आईच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं म्हणजे आईची काळजी घेतली असं होत नाही. आई रात्री दोन वाजता त्याला काय विचारते, हे कधी वाचलंत का?

धर्माचं नाव पुढे करून लपवू नका. आपल्या पच्चक्खाणांत आगार ठेवलेले आहेत, आणि आजारात समाधी टिकावी म्हणून औषधाची मोकळीक त्यांत आहे. किती जणींनी साध्वीजींना विचारून ते नीट समजून घेतलं? मुसलमान समाजाकडे बघा. रोजे आणि डायबिटीस यावर आंतरराष्ट्रीय डायबिटीस फेडरेशनने २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढली, २०२१ मध्ये सुधारून पुन्हा काढली. कुणी रोजा धरू नये, कुणाची गोळी कधी आणि किती, सगळं लिहिलेलं आहे. आपल्या चातुर्मासासाठी असं पुस्तक मी कुणाच्या हातात पाहिलेलं नाही.

मंडळाला मी पत्र दिलं आहे. चातुर्मास बसायच्या आधी एक दुपार ठेवा. गोंदियात २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या किंवा गावातल्या कुठल्याही एका फिजिशियनला बोलवा, साध्वीजींना विनंती करा, आणि प्रत्येकीने आपल्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन यावं. चिठ्ठी तयार करायला फोन खुशाल वापरा. उत्तर अजून आलेलं नाही.

जाऊबाई यंदा एकासणं करणार म्हणतात. या वेळी डॉक्टरांना विचारलं आहे, त्यांनी गोळी बदलून दिली आणि रागावलेही. माझ्यावर मात्र बाईंचा राग अजून आहे, पाणी मी पाजलं म्हणून. संवत्सरीला मी दवाखान्यात जाऊन मिच्छामि दुक्कडं म्हटलं, तेव्हा त्यांनी हात जोडले, पण तोंड भिंतीकडेच होतं.