शस्त्राची नोंद आहे, दोषाची नाही

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील एफ. ई. वॉरेन हवाईतळावर एम-१८ पिस्तुलातून सुटलेल्या गोळीने एका जवानाचा मृत्यू झाला. हवाई दलाच्या ग्लोबल स्ट्राइक कमांडने लगोलग त्या पिस्तुलाचा वापर थांबवला. संशयाला जागाही होती. एम-१८ हे सिग सॉअर कंपनीच्या पी-३२० या पिस्तुलाचे लष्करी रूप. आणि चाप ओढला नसताना हे पिस्तूल सुटते, अशा तक्रारींचे खटले तेथील न्यायालयांत कित्येक वर्षे चालू आहेत. ऑगस्टमध्ये मात्र प्रकरणाने वेगळे वळण घेतले. दुसऱ्या एका जवानाला अटक झाली व त्याच्यावर खोटे निवेदन केल्याचाही आरोप ठेवला गेला. पिस्तुलांची तपासणी झाली, काहींतील झिजलेले भाग दुरुस्तीसाठी बाजूला काढण्यात आले आणि वापर पुन्हा सुरू झाला.

हा वाद अमेरिकेतला आहे आणि तो संपलेला नाही. परंतु त्यातून निघणारा प्रश्न आपल्याला लागू पडतो. पॉलिमरचा सांगाडा असलेली पिस्तुले आता भारतातही एनएसजी आणि अनेक राज्यांच्या पोलिसांच्या कमरेला दिसतात. देशी कारखानेही त्या दिशेने निघाले आहेत. उद्या एखाद्या हवालदाराने किंवा परवानाधारकाने ‘माझे पिस्तूल अडकते’ किंवा ‘हातातून पडले आणि सुटले’ अशी तक्रार केली, तर ती देशात नेमकी कुठे नोंदवली जाईल?

पॉलिमर म्हणजे नायलॉनच्या जातीचे कठीण, चिवट प्लॅस्टिक. जर्मनीच्या हेक्लर अँड कोख कंपनीने १९७० मध्ये असा सांगाडा असलेले व्हीपी-७० हे पिस्तूल आणले. ते फारसे चालले नाही. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्कराने गॅस्टन ग्लॉक यांचे पिस्तूल स्वीकारले आणि चित्र पालटले. ग्लॉक यांनी त्यापूर्वी एकही पिस्तूल बनवले नव्हते; प्लॅस्टिकच्या वस्तूंचा अनुभव मात्र त्यांच्या गाठीशी होता. रिकामे ग्लॉक-१७ साधारण सव्वासहाशे ग्रॅम भरते. आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात बनणारे, मूळ ब्राउनिंग घाटाचे पोलादी ९ मिलिमीटर पिस्तूल नऊशे ग्रॅमच्या घरात जाते. बारा तास पट्ट्याला शस्त्र लावून उभे राहणाऱ्या शिपायाला हा फरक कळतो. शिवाय पॉलिमर गंजत नाही, ही आपल्या पावसाळ्यात आणि किनारपट्टीवर लहान गोष्ट नव्हे.

मग एकाच नमुन्याच्या पिस्तुलाबद्दल एक मालक ‘हजारो गोळ्या झाडल्या, एकदाही अडकले नाही’ असे म्हणतो आणि दुसरा ‘पहिल्याच दिवशी दगा दिला’ असे सांगतो, ते कसे? पिस्तुलाच्या कार्यपद्धतीत याचे एक उत्तर आहे. गोळी सुटल्यावर वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत सारते. हे नीट घडायचे तर स्लाइड मागे जात असताना खालचा सांगाडा स्थिर हवा. जड पोलादी सांगाडा स्वतःच्या वजनाने बराचसा स्थिर राहतो. हलक्या सांगाड्याला मनगटाचा आधार लागतो. पकड ढिली असेल तर सांगाडाही मागे सरकतो, स्लाइडला पुरेसा प्रवास मिळत नाही आणि पुंगळी अडकते. यात काडतुसाचा जोर, मॅगझिनच्या स्प्रिंगची अवस्था, धूळ आणि तेल यांची भर पडते. म्हणून ‘पिस्तूल खराब’ आणि ‘चालवणारा कच्चा’ ही दोन्ही विधाने एकाच घटनेबद्दल प्रामाणिकपणे केली जाऊ शकतात.

दुसरे उत्तर साध्या गणिताचे आहे, आणि धोरणाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे वाटते. समजा, एक पिस्तूल सरासरी हजार गोळ्यांमागे एकदा अडकते. शंभर मालकांनी प्रत्येकी पन्नास गोळ्या झाडल्या, तर त्यांपैकी सुमारे पंच्याण्णव जणांना एकही अडथळा दिसणार नाही. उरलेले पाच जण नाराज होतील. आता याच्या पाचपट वाईट, म्हणजे दोनशे गोळ्यांमागे एकदा अडकणारे पिस्तूल घ्या. तरीही शंभरातले सुमारे अठ्ठ्याहत्तर मालक ‘उत्तम आहे’ असेच सांगतील. म्हणजे पन्नास गोळ्यांच्या अनुभवावर चांगले आणि वाईट शस्त्र ओळखणे एकट्या मालकाला जवळजवळ अशक्य आहे. मालकांची मते परस्परविरोधी असणे हा त्यांचा दोष नाही. ती एकत्र करून मोजणारी यंत्रणा हवी, आणि असा हिशेब ठेवणे हे सरकारचे काम आहे.

अमेरिकेत ही मोजणी काही अंशी होते. जानेवारी २०१७ मध्ये तेथील लष्कराने पी-३२० वर आधारित पिस्तूल निवडले. संरक्षण खात्याच्या स्वतंत्र चाचणी कार्यालयाने त्याविषयीची निरीक्षणे वार्षिक अहवालात जाहीर केली. विशिष्ट कोनातून खाली पडल्यास पिस्तूल सुटू शकते, असे आढळल्याने चापाचे भाग हलके करण्यात आले, हे त्यात नमूद होते. दोन प्रकारच्या काडतुसांपैकी साध्या काडतुसाने अडथळे अधिक येतात, हेही होते. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी न राहण्याच्या बहुसंख्य घटनांचा संबंध नेमबाजांच्या पकडीशी जोडलेला होता: अंगठा स्लाइड अडवणाऱ्या खटक्यावर टेकत होता. शस्त्र, दारूगोळा आणि हात या तिघांचा वाटा वेगळा काढून दाखवणारा हा लेखाजोखा आहे. पडल्यावर सुटण्याचा प्रश्न ऑगस्ट २०१७ मध्ये नागरी पिस्तुलांबाबतही चव्हाट्यावर आला आणि कंपनीने स्वेच्छेने भाग बदलून देण्याची योजना जाहीर केली.

नागरिकाच्या बाबतीत मात्र अमेरिकाही कोरडीच आहे. १९७२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या तेथील ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाला बंदुकांवर अधिकारच नाही. त्यामुळे निवाडा न्यायालयांवर सोडला जातो. २०२४ मध्ये जॉर्जिया आणि फिलाडेल्फिया येथील ज्युरींनी पी-३२० च्या जखमी मालकांना भरपाई मंजूर केली. इतर काही दावे फेटाळले गेले. चाप ओढल्याशिवाय पिस्तूल सुटत नाही, या म्हणण्यावर कंपनी ठाम आहे. इथला वाद सांगाड्याच्या प्लॅस्टिकचा नसून आतल्या यंत्रणेचा आहे, हेही ध्यानात ठेवायला हवे.

आपल्याकडे अशा वादाचा इतिहास पिस्तुलापेक्षा रायफलीचा आहे. कारगिलच्या १९९९ च्या लढाईत इन्सास रायफलीच्या पॉलिमर मॅगझिनना थंडीत तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. २००५ मध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांशी झालेल्या चकमकीत चाळीसहून अधिक सैनिक मारले गेले. आपण पुरवलेल्या इन्सास रायफली ऐन वेळी बंद पडल्या, असे नेपाळी सैन्याने जाहीरपणे म्हटले. रायफली नीट हाताळल्या गेल्या नसाव्यात, हे भारताचे उत्तर होते. दोन्ही बाजूंत तथ्य असू शकेल. पण तिसऱ्या कोणी तपास करून तो लोकांपुढे ठेवला, असे घडले नाही. वापरणारा म्हणतो शस्त्र वाईट, बनवणारा म्हणतो हात वाईट, आणि फाइल बंद होते.

नागरी परवानाधारकाची स्थिती याहून एकाकी आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नामांकित नेमबाजांचा अपवाद सोडता सामान्य नागरिकाला परदेशी पिस्तूल आयात करता येत नाही. ९ मिलिमीटरचे पिस्तूल त्याला निषिद्ध आहे. त्याच्या वाट्याला प्रामुख्याने .३२ बोअरची सरकारी कारखान्यांची पिस्तुले व रिव्हॉल्व्हर आली. कानपूरहून २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर हलके करण्यासाठी टायटॅनियमचा मिश्रधातू वापरला गेला आणि त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. आता ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाच्या जागी १ ऑक्टोबर २०२१ पासून सात सरकारी कंपन्या आल्या आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांनंतर खासगी उत्पादकांनाही वाट मोकळी झाली; हरियाणातील हिसारमध्ये ब्राझीलच्या टॉरस कंपनीच्या भागीदारीतला कारखाना उभा आहे. ग्राहकापुढे पर्याय वाढत आहेत. त्यांतून निवड करायला लागणारी माहिती मात्र वाढलेली नाही.

याचे मूळ आपल्या कायद्याच्या दृष्टीत आहे. लॉर्ड लिटन यांच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना मोकळे ठेवले. शस्त्र कोणाच्या हाती आहे, एवढीच त्या सरकारची चिंता होती. १९५९ च्या कायद्याने वंशभेद काढला, परंतु नजर धारकावरच राहिली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि हर्षोल्हासातील गोळीबारासाठी शिक्षा ठरवली. दोन्ही तरतुदी योग्यच आहेत. मात्र धारकाच्या हातातील वस्तू सुरक्षित आहे का, हा प्रश्न तिथेही आला नाही. कारखान्यातील चाचणीत नळी दाब सोसते की नाही, हे पाहिले जाते. हजार गोळ्यांत शस्त्र किती वेळा अडकेल, हे त्यातून कळत नाही.

जिल्हादंडाधिकारी या नात्याने परवान्यांच्या फाइली माझ्यासमोर येत. ‘शस्त्र बदलून मिळावे’ अशा अर्जांत अधूनमधून कारण लिहिलेले असे: काडतूस अडकते, चाप जड आहे, मॅगझिन बसत नाही. नियमाप्रमाणे अर्जदाराची पोलीस पडताळणी होई, परवानगी मिळे आणि जुने शस्त्र विक्रेत्याकडे जमा होई. तेथून ते दुसऱ्या परवानाधारकाकडे जाण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. अर्जातले ते कारण कोणत्याही नोंदवहीत उतरत नसे, कारण त्यासाठी रकानाच नव्हता. आणि आपला बहुसंख्य परवानाधारक वर्षाकाठी मोजक्याच गोळ्या झाडतो. पोलीस शिपायाचा वार्षिक सरावही आटोपशीरच असतो. वरच्या गणितानुसार या दोघांचा विश्वास आणि अविश्वास, दोन्ही योगायोगावर उभे असतात.

हे बदलण्यासाठी नवे महामंडळ नको. वाहनांच्या बाबतीत आपण वाट शोधलेली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये ११०-अ हे कलम आले. ठरावीक प्रमाणात मालकांनी एकाच दोषाची तक्रार केली, तर केंद्र सरकार त्या प्रकारची वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. विखुरलेल्या मालकांच्या अनुभवाला कायद्याने वजन देण्याचा हा सरळ मार्ग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाचे दायित्व आहे आणि धोकादायक वस्तू परत मागवण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणाला आहे. पण मोजणीच नसेल तर हा अधिकार वापरायचा कशाच्या आधारे?

शस्त्रांच्या बाबतीत मोजणीचा पाया तयार आहे. राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीसंचात प्रत्येक परवानाधारकाला विशिष्ट क्रमांक आहे. त्यातच दोषाच्या नोंदीचा एक भाग जोडावा: शस्त्राचा नमुना, झाडलेल्या गोळ्या, काडतुसाचा प्रकार, अडथळ्याचे स्वरूप. पोलीस शस्त्रागारांनी हीच माहिती पोलीस संशोधन व विकास ब्युरोला कळवावी आणि ब्युरोने नमुनावार गोषवारा दरवर्षी प्रसिद्ध करावा. शस्त्र आपोआप सुटल्याच्या प्रत्येक तक्रारीची तपासणी उत्पादकाशी संबंध नसलेल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे सोपवावी. सरकार जिथे कारखान्याचा मालक, खरेदीदार आणि परवाना देणारा या तिन्ही भूमिकांत आहे, तिथे तपासणाऱ्याने तरी वेगळे असले पाहिजे.

गोपनीयतेचा आक्षेप येईल. कोणत्या पोलीस ठाण्यात किती शस्त्रे आहेत, हे सांगण्याची गरज नाही. कोणता नमुना किती वेळा अडकतो, एवढे सांगितले तरी पुरे. अमेरिकेने आपल्या सैन्याच्या पिस्तुलाबद्दल ते छापले, आणि त्यामुळे तिचे सैन्य दुबळे झाले नाही. दुसरा आक्षेप असा की, यातून बंदुकीच्या हौसेला खतपाणी मिळेल. परवाने किती द्यावेत हा वेगळा विषय आहे आणि त्याबाबत मी हात आखडता ठेवण्याच्या बाजूचा आहे. परंतु दिलेल्या परवान्यावरचे शस्त्र पडले आणि सुटले, तर गोळी शेजारी उभ्या असलेल्या मुलालाही लागते. त्याने परवाना मागितलेला नसतो.

वायोमिंगच्या घटनेत पहिला संशय शस्त्रावर होता. तपास माणसाकडे वळला. इतर प्रकरणांत याच्या उलटही होऊ शकते. शिपायाच्या कमरेचे पिस्तूल सुटले तर आपल्याकडे पहिली कारवाई बहुधा त्याच्या निलंबनाची होते. तो निर्दोष असेल, तर ते सिद्ध करायला लागणारी नोंद आज सरकारच्या एकाही दप्तरात नाही. गृह मंत्रालयाने ती ठेवायला सुरुवात करावी.