पहिला पगार होईस्तोवर जगायचं कसं?



मध्यंतरी जुन्नरला एका हॉलात तरुणांसाठी करिअरचं शिबिर झालं. टाय लावलेले एक गृहस्थ दोन तास बोलले. आत्मविश्वास ठेवा, हसून बोला, इंग्रजी सुधारा, आकाश तुमचंच आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी घोडेगावचा एक पोरगा होता, आय.टी.आय. झालेला. कानात म्हणाला, "दादा, आकाशाचं सोडा. चाकणला खोलीला डिपॉझिट किती लागतं?"

त्या दोन तासांतला खरा सवाल तेवढाच होता.

मी सूतगिरणीत लागलो तेव्हा आत्मविश्वास भरपूर होता. जॉबरनं आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या अंगाला, ते. माझ्याबरोबर लागलेल्या दोघांना रिंगफ्रेमवर सांधा लावायला शिकवलं. माझ्या हातात झाडू दिला. सात महिने कापसाचा कचरा लोटला. पहिला पगार चाळिसाव्या दिवशी. तोवर आईच्या कानातली फुलं मोडली. सांधा शिकलो तो रात्रपाळीत, एका म्हाताऱ्या चाचांच्या हाताकडं बघून.

हे दुखणं जुनंच आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा. आपलं उष्टं सवर्ण कामगाराला चालेना, म्हणून आपल्या माणसांना त्या खात्याचं दार बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांसमोर टाकला. आपले पणजे काय हसून बोलत नव्हते म्हणून विणाईबाहेर राहिले?

आणि कौशल्याचं काय सांगता? नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांच्याएवढं कौशल्य कुणाच्या अंगात होतं? १९५७ आणि १९९० ला राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला. २००२ ला त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भागवलं. कौशल्य होतं. पाठीशी काही नव्हतं.

कामाला लागणाऱ्याला काय लागतं ते सांगतो. पहिला पगार होईस्तोवर खोली नि जेवण. नेमणुकीचा कागद, ठेकेदाराचा शब्द नाय चालायचा. पी.एफ.चा नंबर. झाडू नाय, मशीन शिकवणारा माणूस. पोरींना रात्रपाळी सुटल्यावर घरापर्यंत गाडी. आणि आडनावावरून छळलं तर उभी राहणारी युनियन. १९६१ चा अप्रेंटिस कायदा शिकाऊ पोराला कामगार धरत नाही. पण त्याला धंदा शिकवणं त्याच कायद्यानं मालकावर बांधलेलं आहे. हे शिबिरात कोण सांगतं?

आपल्याच डोंगरात जुन्नरची बौद्ध लेणी आहेत. तिथले शिलालेख बघा. धान्यवाल्यांच्या श्रेणीनं लेणं नि पाण्याचं टाकं दान दिलं. बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडं लोक दानाची ठेव ठेवत. बांबू सोलणाऱ्या एकट्याला ही पत कुणी दिली असती? पत श्रेणीची होती, जमून राहण्याची होती.

आता आपल्यावर येतो. चौदा एप्रिलला डीजेला वर्गणी निघते. वस्तीतलं पोरगं नोकरीला निघालं की त्याच्या पहिल्या महिन्याला का निघत नाही? 'संघटित व्हा' हे भिंतीवर रंगवून भागत नाही. दर वस्तीत एक वही घाला. कमावत्यानं महिन्याला शंभर रुपये टाकायचे. नवं पोरगं, नवी पोरगी निघाली की वहीतून महिन्याचं उसनं द्यायचं, दुसऱ्या पगारापासून फेड घ्यायची. ज्याच्या हाताला मशीन आलं त्यानं दोघांना शिकवायचं. हजेरीच्या पहिल्या दिवशी एकानं गेटपर्यंत सोबत जायचं. बस्स. याला पुढारी लागत नाही नि टाय पण लागत नाही.

घोडेगावचा तो पोरगा सध्या चाकणला आपल्या एका दोस्ताच्या खोलीवर आहे. चौघं होते, आता पाच झाले. वहीत पहिलं नाव त्याचं घातलंय.

दुसरी ओळ कोरी आहे. मंचरवाले, ओतूरवाले, नाव कळवा.