'सृष्टी' म्हणजे नेमके काय?

कुरआनातील 'खल्क' या शब्दासाठी मराठीत आपण सहज 'सृष्टी' लिहितो. मीही वर्षानुवर्षे तसेच लिहीत आलो. पण 'सृष्टी'चा धातू 'सृज्'. त्याचा मूळ अर्थ सोडणे, बाहेर टाकणे. गणपतीचे 'विसर्जन' याच धातूचे. ऋग्वेदातील नासदीय सूक्त (१०.१२९) 'विसृष्टी' म्हणते. मुंडकोपनिषदात कोळ्याचा दृष्टान्त आहे: तो जाळे स्वतःतूनच सोडतो आणि परत आत घेतो. अरबी कोशकार मात्र 'खल्क'च्या मुळाशी माप घेणे, कातडे कापण्याआधी आखणे हा अर्थ सांगतात. तिथे आखणारा वेगळा, आखलेली वस्तू वेगळी.

म्हणजे सगळे हिंदू एकच मानतात असेही नाही. न्यायदर्शनातला ईश्वर परमाणूंपासून जग घडवतो.

मग 'शेवटी सगळे एकच' म्हणून टाळ्या घेणे सोपे, 'त्यांचे सगळे चूक' म्हणणेही सोपे. दोन्हीत शेजाऱ्याचा शब्द ऐकून न घेताच निकाल दिलेला असतो. तौहीदवर माझा इमान पक्का आहे. म्हणूनच फरक नीट समजून घ्यायला मला भीती वाटत नाही. मी यापुढे 'खल्क'साठी 'निर्मिती' लिहीन. 'सृष्टी'ला तिचा स्वतःचा अर्थ असू द्यावा.