मार्चमध्ये पास, आषाढात नापास

फिरत्या दवाखान्याच्या टपावर सोलर पॅनल ठोकलं की डोंगरातल्या माणसाच्या आरोग्याचा प्रश्न सुटला, असं मानणारा एक पंथ आपल्याकडे चांगलाच फोफावला आहे. या पंथाचा मोठा सण मार्चअखेरीला येतो. निधी परत जाऊ द्यायचा नसतो, म्हणून गाडी घाईघाईने घेतली जाते आणि नवरदेवाच्या घोड्यासारखी सजवली जाते. बाहेर ऊन रणरणत असतं, मीटरवर व्होल्टेज झकास दिसतं, साहेब मान डोलावतात, ठेकेदाराचं बिल निघतं. मग आषाढ लागतो आणि गाडीतला दिवा विझतो.

मी भंडारदऱ्याजवळच्या राजूरमध्ये वायरिंगची आणि सोलरची कामं करतो, त्यामुळे सोलरशी माझं वैर नाही. माझं पोट त्यावर चालतं. पण वर डोंगरातल्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नगर शहरात पडतो त्याच्या आठ-दहा पट. त्या नगरच्या नाहीतर पुण्याच्या ऑफिसात बसून कुणीतरी वर्षाच्या सरासरी उन्हाचा आकडा घेतो, पॅनलच्या वॉटला गुणतो आणि 'डिझाइन' तयार म्हणतो. सरासरीवर बॅटरी चार्ज होत नाही. साम्रद, रतनवाडी, कुमशेत, पाचनईकडे जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस सूर्य तोंड दाखवत नाही. आणि जुलाब, ताप, साप, विंचू नेमके तेव्हाच येतात. शिवाय आवणीच्या दिवसांत बाया दिवेलागणीपर्यंत चिखलात असतात. दवाखाना अकरा ते दोन चालवला तर तपासायला फक्त म्हातारी माणसं मिळतात. खरी ओपीडी संध्याकाळची, म्हणजे अंधारातली. ज्या महिन्यात आणि ज्या वेळेला वीज सगळ्यात जास्त लागते, तेव्हाच ती नसावी अशी रचना करायलाही अक्कल लागते म्हणायची!

यातली थट्टा पाहा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ सालचं. त्याच्या पायथ्याला १२ मेगावॉटचं वीजघर, दुसऱ्या टप्प्यात ३४ मेगावॉटचं. घाटघरचा उदंचन प्रकल्प २५० मेगावॉटचा, २००८ पासून चालू. तिथे जादा विजेच्या वेळी पाणी कोकणातून वर चढवतात आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज बनवतात. म्हणजे राज्यातली एक अवाढव्य बॅटरी आमच्या तालुक्याच्या उशाला आहे. आणि त्याच घाटघरला आलेली दवाखान्याची गाडी शाळेच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून प्लग शोधते. शाळेतली लाइट गेलेली असली की डॉक्टर मोबाइलच्या टॉर्चवर घसा बघतात. काजवा महोत्सवात तंबूवाल्यांचे जनरेटर मात्र बिनचूक धडधडतात. काजवे बघायला अंधार लागतो, हेही त्यांना कुणी सांगत नाही.

फिरत्या डॉक्टरांची भरारी पथकं या भागाला नवीन नाहीत. नवसंजीवन योजना १९९५ ची आहे. तेव्हापासून मानसेवी डॉक्टर आणि सिस्टर वाड्या-वस्त्या तुडवताहेत. त्यांना काय लागतं हे विचारायला कुणी जात नाही, कारण उत्तर फार स्वस्त निघेल अशी भीती असावी. मीच हिशेब मांडतो. तपासणीचे चार एलईडी दिवे, दोन डीसी पंखे, एक लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर, ईसीजी, तासभर नेब्युलायझर, रक्ततपासणीचं लहान यंत्र, सक्शन आणि वेळ आलीच तर तासभर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. सगळं मिळून दिवसाला सव्वा युनिट. टेंडरमध्ये मात्र दीड टनी एसी असतो. तो एकटाच पाच तासांत सहा-सात युनिट पितो. पेशंटच्या नावावर वीज मागायची आणि ती गारव्याला उडवायची. ऑटोक्लेव्हही गाडीत हवा, असा हट्ट असतो. दीड-दोन हजार वॉटचा तो हंडा डोंगरात कशाला न्यायचा? रात्री रुग्णालयात निर्जंतुक केलेली पाकिटं सकाळी गाडीत टाका.

फ्रिजचं तेच. लसी सकाळी शीतसाखळी केंद्रातून आइस पॅकच्या कॅरिअरमधून निघतात आणि उरलेल्या संध्याकाळी परत येतात. त्याला शून्य वॉट लागतात. लागते ती शिस्त. फ्रीजरमधून काढलेले पॅक तसेच कोंबले तर पेंटाव्हॅलंट आणि हिपॅटायटिस-बी गोठून निकामी होतात. पॅक हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबावं लागतं. सर्पदंशावरच्या लसीची पावडरच्या रूपातली बाटली फ्रिजशिवाय राहते. विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी वापरात आणली, तिलाही प्लग लागत नाही. आधी विजेशिवाय काय भागतं ते ठरवा, उरलेल्यासाठी वीज मागा. पण असं केलं तर टेंडरची रक्कम कमी होते, हा मोठाच दोष!

आता सव्वा युनिट आणायचं कुठून? गाडीला इंजिन आहे, हे डिझाइन करणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही. राजूरहून घाटघरला जाऊन यायला चढ-उतारात दोन तास सहज जातात. अल्टरनेटरवरून डीसी-टू-डीसी चार्जर लावला आणि चाळीस अँपिअर घेतले, तर दोन तासांत एक युनिट बॅटरीत पडतं, धो-धो पावसातही. बाकीचं रात्री मुक्कामाच्या ठिकाणी, पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर. पॅनलचा नंबर तिसरा. उन्हाळ्यात चारशे वॉटचं पॅनल दिवसाला दीड युनिट देईल, आषाढात त्याचा पाव हिस्सा मिळाला तरी देवाला नारळ फोडा.

साठवण दोन दिवसांची हवी, कारण दरड कोसळली की गाडी मुक्कामी अडकते. घरच्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या निम्म्यापर्यंतच उतरवायच्या असतात. तेवढ्यासाठी तीन लागतात. वजन दीडशे किलोच्या वर आणि चार्ज होताना बंद गाडीत हायड्रोजन. शंभर अँपिअर-अवरच्या तीन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या तेच काम साधारण चाळीस किलोंत करतात. महाग आहेत, पण एसीपेक्षा कामाच्या. दिवे-पंखे थेट डीसीवर चालवा. मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी वीस-तीस वॉट खातो. तोही शुद्ध साइन वेव्हचा घ्या, नाहीतर कॉन्सन्ट्रेटरची मोटर तापते. बाहेरून वीज घेताना गळती होताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी हवाच. ओल्या पायांनी पेशंट पत्र्याच्या गाडीत चढतो, तिथे जुगाड म्हणजे मनुष्यवध.

हे सगळं जमलं तरी घाटातले धक्के नटबोल्ट ढिले करतात, वायरच्या टोकाचे लग तापतात, फ्यूज उडतो. एका किरकोळ फ्यूजपायी गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिलेली मी पाहिली आहे. करारातला मेकॅनिक शहरात बसलेला आणि ड्रायव्हरला फ्यूजच्या पेटीला हात लावायची मनाई! छत्तीसगडमध्ये 'क्रेडा' या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेने शेकडो आरोग्य केंद्रांवर सोलर बसवलं. ते टिकलं, कारण गावाजवळच्या तंत्रज्ञापर्यंत देखभालीची साखळी बांधली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे शंभर कोटी लोक वीज नसलेल्या किंवा बेभरवशाची वीज असलेल्या दवाखान्यांवर अवलंबून आहेत. त्यात आमची गणना 'वीज आहे' अशीच होत असणार. टपावर पॅनल दिसतंय ना!

म्हणून पुढच्या टेंडरसाठी चार अटी सुचवतो. वॉट लिहू नका, आषाढातल्या संध्याकाळी किती तास काय चालणार ते लिहा. बॅटरी बदलायचा पैसा पहिल्याच दिवशी वेगळा काढा. ड्रायव्हरला शिकवा, त्याच्या डब्यात सुटे फ्यूज आणि लग ठेवा आणि त्या कामाचा भत्ता द्या. आणि गाडीची तपासणी जुलैत साम्रदला, सूर्य मावळल्यावर घ्या. आधीचे दोन दिवस पावसाचेच असू द्या. ज्या साहेबांना बिलावर सही करायची आहे त्यांनी त्या रात्री तिथे हजर राहावं आणि सगळी यंत्रं सुरू करून बघावीत. ती चालली तर ठेकेदाराला हार घाला, मीही टाळ्या वाजवीन. नाही चालली तर एक पैसाही देऊ नका.